सेक्शन ८ चं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, मग आई-बाबांना घर सोडावं लागेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई-बाबा दोघं सत्तरीच्या पुढचे, ग्रीन कार्डवर, न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत बासष्टच्या पुढच्यांसाठी असलेल्या बिल्डिंगमधे अकरा वर्षं राहतायत. स्वतः महिन्याला ४१० डॉलर भरतात, उरलेली रक्कम सेक्शन ८ या भाड्याच्या मदत योजनेतून सरकार भरतं. आता मालकाचं १० जूनच्या तारखेचं पत्र आलंय की येत्या ३१ मार्चला सेक्शन ८ चं कॉन्ट्रॅक्ट संपतंय आणि आम्ही ते रिन्यू करणार नाही. त्यात मॅनेजर तोंडी सांगतोय की डिसेंबरपर्यंत घर खाली करा, एका कागदावर सही करा, ५००० डॉलर देतो, नंतर मागितलेत तर काही मिळणार नाही. आणि तिकडे लग्न आहे म्हणून दोघांची नोव्हेंबर ते मध्य एप्रिल अशी पुण्याची तिकिटं काढून झालीयेत. तुमचा प्रश्न असा की पैसे घेऊन सही करावी का, आणि एवढ्या भाड्यात दुसरं घर कुठे मिळेल.

सही करू नका आणि घरही शोधू नका. हे मी आधीच सांगून ठेवते कारण अशी पत्रं आली की आपली माणसं पहिल्या आठवड्यातच घाबरून निर्णय घेऊन टाकतात. मी इथे बरीच वर्षं भाडेकरूंच्या बाजूने हाउसिंगच्या केसेस बघतेय आणि सीनियर बिल्डिंगमधे माझ्या डोळ्यासमोर सगळ्यात जास्त नुकसान झालंय ते कोर्टात हरलेल्यांचं नाही, ज्यांनी कोर्टाचं तोंडही बघितलं नाही आणि "मालकाने सांगितलं म्हणून" सामान बांधून मुलाच्या बेसमेंटमधे राहायला गेले त्यांचं. एकदा गेलं की परत येता येत नाही, हक्क त्या घरात राहणाऱ्याला आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारताय कुठे जायचं, पण आधी हे बघूया की संपतंय नेमकं काय. तुमच्या आई-बाबांच्या घरामागे दोन वेगळे करार आहेत. एक मालक आणि हड यांच्यातला, हड म्हणजे फेडरल सरकारचं गृहनिर्माण खातं, ज्यात सरकार म्हणतं की या बिल्डिंगमधल्या इतक्या घरांचं बाजारभाड्यातलं उरलेलं भाडं आम्ही भरू. दुसरा मालक आणि आई-बाबा यांच्यातला, म्हणजे लीज. पत्रात जो संपतोय तो पहिला. दुसरा त्याच्याबरोबर आपोआप संपत नाही. मॅनेजर हे दोन एकात एक मिसळून सांगतोय आणि माणसं फसतात ती नेमकी इथेच.

हे असं का होतं तेही सांगते, कारण ते कळलं की पत्राची भीती निम्मी जाते. सेक्शन ८ आला १९७४ च्या कायद्याने. त्या काळात खाजगी बिल्डरांनी स्वस्त घरं बांधावीत म्हणून सरकारने त्यांच्याशी लांब मुदतीचे करार केले, वीस वर्षं, काही ठिकाणी चाळीस वर्षं. नव्वदच्या दशकात ते करार एकामागून एक संपायला लागले आणि तोपर्यंत बऱ्याच शहरांत बाजारभाव इतके चढले होते की मालकांना सरकारचं भाडं नकोसं झालं. कायद्याने त्यांना रिन्यू न करण्याची मोकळीक आहे, ती नाकारून उपयोग नाही, तुमचा मालक ते करू शकतो. पण आत राहणारे हजारो म्हातारे आणि गरीब लोक रस्त्यावर येतील हे दिसत होतं म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दोन गोष्टी घातल्या, एक वर्षभर आधी नोटीस, आणि दुसरी एनहान्स्ड व्हाउचर नावाची सोय. तुमची केस या दोन्हींवर उभी आहे.

नोटिशीपासून सुरू करूया कारण तुमच्या पत्रात मला तिथेच गडबड दिसतेय. फेडरल कायदा म्हणतो की कॉन्ट्रॅक्ट संपण्याच्या किमान एक वर्ष आधी मालकाने हडला आणि भाडेकरूंना, दोघांनाही, लेखी कळवलं पाहिजे. १० जून ते ३१ मार्च म्हणजे दहा महिने पण नीट होत नाहीत. जर हीच पहिली नोटीस असेल तर ती अपुरी आहे, आणि अपुरी नोटीस दिली तर परिणाम काय तेही कायद्यातच लिहिलंय: नीट नोटीस देऊन पूर्ण वर्ष होईपर्यंत मालक भाडेकरूला काढू शकत नाही आणि भाडेकरूच्या वाट्याचं भाडं वाढवूही शकत नाही. म्हणजे ३१ मार्च सोडा, पुढच्या १० जूनपर्यंत आई-बाबांनी ४१० च भरायचे. बऱ्याचदा अशा वेळी हड आणि मालक मधल्या काळापुरतं कॉन्ट्रॅक्ट थोडं वाढवून घेतात आणि वर्ष पूर्ण करतात.

फक्त एक तपासा. आधी कधी तरी एखादं पत्र दाराखालून सरकवलेलं किंवा दाराला चिकटवलेलं होतं का ते आई-बाबांना आणि शेजारपाजाऱ्यांना विचारा. मॅनेजमेंट म्हणू शकतं की पहिली नोटीस मार्चमधेच दिली होती आणि जूनचं पत्र ही आठवण होती. त्यावर वाद घालत बसू नका, लेखी विचारा, ईमेलने, की एक वर्षाची नोटीस कोणत्या तारखेची आहे आणि तिची कॉपी द्या. उत्तर येवो न येवो, तुम्ही विचारल्याची तारीख कागदावर राहते.

आणि पत्र पूर्ण वाचा, शेवटच्या पानापर्यंत. या नोटिशीत काय लिहायचं हे मालकाच्या मर्जीवर नसतं. कॉन्ट्रॅक्ट संपलं तर सरकार पात्र भाडेकरूंना भाड्याची मदत देईल, ती घेऊन त्यांना हवं तिथे राहता येईल, आणि त्यात सध्याचं घरही असण्याची शक्यता आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यात असावं लागतं. बहुतेक पत्रांत ते असतं, दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात, आणि तिथपर्यंत कोणी वाचत नाही कारण पहिल्या परिच्छेदातच धडकी भरलेली असते. आई-बाबांना ते वाक्य मराठीत वाचून दाखवा, त्या रात्री तरी नीट झोपतील.

आता एनहान्स्ड व्हाउचर. नेहमीचं सेक्शन ८ व्हाउचर, म्हणजे कुटुंबाला मिळणारी भाड्याची सरकारी मदत, तुम्हाला माहीत असेल, ज्याच्यासाठी वेटिंग लिस्टमधे वर्षानुवर्षं थांबावं लागतं. हे तसं नाही, याला वेटिंग लिस्ट नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं की हड तिथल्या एखाद्या हाउसिंग अथॉरिटीला, म्हणजे स्थानिक सरकारी गृहनिर्माण संस्थेला, पैसे देतं आणि त्या दिवशी त्या घरात राहणाऱ्या, उत्पन्नात बसणाऱ्या कुटुंबांना ती व्हाउचर देते. वेगळेपण दोन गोष्टींत आहे. नेहमीच्या व्हाउचरला भाड्याची एक कमाल पातळी असते, घर त्याच्यापेक्षा महाग असलं तर मिळत नाही किंवा फरक खिशातून भरावा लागतो. यात मालकाने लावलेलं नवीन भाडं त्या भागाच्या मानाने वाजवी असलं तर पूर्ण धरलं जातं, पातळीच्या वर गेलं तरी. आणि दुसरं, कायद्यात सरळ लिहिलंय की कुटुंब त्याच प्रोजेक्टमधे राहण्याचा पर्याय निवडू शकतं. निवडणारं कुटुंब आहे, मालकाने निवडायचं नाहीये.

आकड्यात सांगते. समजा मालकाने भाडं १९०० केलं आणि हाउसिंग अथॉरिटीने ते वाजवी मानलं. आई-बाबांचं उत्पन्न तेवढंच असेल तर ते आधीसारखे ४१० च्या आसपास भरतील आणि उरलेले १४९० अथॉरिटी मालकाला देईल. वर्षाचे झाले १७,८८०. आता ते ५००० डॉलर याच्यासमोर ठेवून बघा. एकदाच मिळणारे पाच हजार घेऊन माणूस दर वर्षी जवळपास अठरा हजारांची मदत आणि राहतं घर दोन्ही सोडून देतो, आणि मॅनेजरला हे गणित पक्कं माहीत असतं म्हणून तर ही ऑफर कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधी येते. त्या तारखेआधी घर सोडलंत तर हे व्हाउचर मिळतच नाही.

"पण मालक व्हाउचर घेणारच नाही म्हणाला तर?" हा प्रश्न पुढे येणारच. मालकांनी हे करून बघितलंय आणि कोर्टात हरलेत. २००८ मधे वॉशिंग्टन डीसीच्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की मालकाला हे व्हाउचर नाकारता येत नाही. आपल्यासाठी जास्त महत्त्वाची केस २०१८ ची, फिलाडेल्फियाची. तिथल्या मालकाचं म्हणणं होतं की ठीक आहे, व्हाउचर घेतलं, पण आता लीजची मुदत संपली, मी नवीन लीज करत नाही, माझा हक्क आहे. आधी तीन न्यायाधीशांनी मालकाच्या बाजूने निकाल दिला होता, मग थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाच्या पूर्ण पीठापुढे ते परत गेलं आणि तिथे निकाल फिरला. कुटुंब पात्र आहे तोवर राहण्याचा हक्क आहे, लीजची मुदत संपली एवढ्यावर काढता येत नाही, त्यासाठी योग्य कारण लागतं. थर्ड सर्किटमधे पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर आणि न्यू जर्सी येतात, म्हणजे हा निकाल तुमच्या मालकाला सरळ लागू आहे. मालकाच्या वकिलाला हे ठाऊक असतं. मॅनेजरला नसतं, किंवा असून सांगत नाही.

त्यात तुम्ही न्यू जर्सीत आहात ही आणखी एक मोठी जमेची बाजू. इथला भाडेकरूंना काढण्याविरुद्धचा कायदा पण १९७४ चाच आहे आणि त्यात घर खाली करायला लावण्याची कारणं मोजून दिलेली आहेत, भाडं थकवणं, घराची नासधूस, लीजच्या अटी मोडणं वगैरे. लीज संपली हे त्या यादीत नाही. सरकारी अनुदान संपलं हेही नाही. (मालक स्वतः राहतो अशी दोन-तीन घरांची इमारत याच्यातून वगळलेली आहे पण तुमचा तो प्रश्न नाही.) शिवाय राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९९ मधेच ठरवलंय की आत राहत असलेल्या भाडेकरूचं सेक्शन ८ व्हाउचर मालक नाकारू शकत नाही, आणि भाडं कुठल्या कायदेशीर पैशातून येतं यावरून भेदभाव करायला इथे बंदी आहे. कोणालाही घराबाहेर काढायचं असेल तर मालकाला कोर्टात जावं लागतं, न्यायाधीशाचा आदेश लागतो आणि तोही कोर्टाचा अधिकारीच अमलात आणतो. मॅनेजरने कुलूप बदललं, वीज तोडली तर तो बेकायदा प्रकार आहे. "डिसेंबरपर्यंत खाली करा" याला तर कुठल्याच कागदाचा आधार नाही, त्याच्या स्वतःच्या पत्राचाही नाही.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आता, कारण हे वाचून टेक्सासमधला कोणी किंवा दुसऱ्या प्रकारच्या बिल्डिंगमधला कोणी निर्धास्त व्हायला नको.

पहिलं म्हणजे घर कुठल्या योजनेतलं आहे. आपल्याकडे सगळ्यालाच "सेक्शन ८ ची बिल्डिंग" म्हणायची सवय आहे. मी वर लिहिलं ते बिल्डिंगला जोडलेल्या सेक्शन ८ कॉन्ट्रॅक्टचं. बिल्डिंग हाउसिंग अथॉरिटीच्या मालकीची असेल तर ती पब्लिक हाउसिंग, तिथे नियम वेगळे, तक्रारीची सुनावणी मागायचा हक्क वेगळा. टॅक्स क्रेडिटची, म्हणजे मालकाला करसवलत देऊन बांधलेली बिल्डिंग असेल, ती योजना १९८६ ची, तर तिथे अनुदान माणसामागे नसतं, भाड्यावर मर्यादा असते, आणि मुदत संपली की व्हाउचर मिळत नाही पण काही वेळा पुढची तीन वर्षं आतल्या भाडेकरूला योग्य कारणाशिवाय काढता येत नाही आणि भाडं मर्यादेबाहेर वाढवता येत नाही. आणि पुष्कळ बिल्डिंगमधे दोन-तीन योजना एकमेकांवर चढलेल्या असतात. तुम्ही प्रश्नात सेक्शन ८ कॉन्ट्रॅक्ट असं म्हणताय, आणि आई-बाबा दर वर्षी उत्पन्नाचे कागद देऊन ५००५९ नंबरच्या फॉर्मवर सह्या करत असतील तर तुम्ही योग्य गटात आहात. तो फॉर्म घरात कुठल्यातरी फाइलमधे असेल, शोधून ठेवा.

दुसरं, उत्पन्न. व्हाउचरसाठी अथॉरिटी नव्याने तपासणी करते. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) किंवा एसएसआयवर (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी मदत) जगणाऱ्या जोडप्याला तिथे सहसा अडचण नसते.

तिसरं, बिल्डिंग भाड्याचीच राहणार का. मालकाने पाडून टाकायचं ठरवलं किंवा फ्लॅट विकायला काढले तर फेडरल हक्क तिथे कमी पडतो, कारण तो भाड्याच्या घरात राहण्याचा आहे. अर्थात न्यू जर्सीत काँडो करायचं, म्हणजे फ्लॅट एकेक करून विकायचे, तर भाडेकरूला तीन वर्षांची नोटीस लागते, आणि ज्येष्ठ आणि अपंग भाडेकरूंसाठी १९८१ चा वेगळा कायदा आहे ज्यात बासष्टच्या पुढच्यांना, उत्पन्नाच्या आणि राहण्याच्या अटीत बसलं तर, चाळीस वर्षांपर्यंत संरक्षण मिळू शकतं. तसं पत्र आलं तर त्याचा अर्ज ठरलेल्या मुदतीत करावा लागतो, तेव्हा लगेच कोणाला तरी दाखवा.

चौथं, पैसे. हाउसिंगचे पैसे काँग्रेस दर वर्षी मंजूर करते आणि वॉशिंग्टनमधलं वारं बदलत असतं, तेव्हा पुढच्या पंधरा वर्षांची हमी मी देऊ शकत नाही. पण आज तुमच्या हातात कायद्याने दिलेला हक्क आहे आणि उद्याच्या भीतीने तो आजच सोडून देण्यात काहीच अर्थ नाही.

आता पुण्याच्या तिकिटांबद्दल, आणि यावर मी जरा जास्तच लिहिणारे कारण आपल्या लोकांचे हक्क मालकापेक्षा हिवाळ्यातल्या इंडिया ट्रिपमुळे जास्त जातात.

अनुदानाचं घर हे राहण्यासाठी असतं, आणि फार दिवस बंद ठेवलं तर ते सोडलं असं धरता येतं. बिल्डिंगला जोडलेल्या सेक्शन ८ मधे हडच्या मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे सलग ६० दिवसांपेक्षा जास्त, आणि आजारपणाचं कारण असेल तर १८० दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी म्हणजे लांबलेली गैरहजेरी, आणि मालकाच्या हाउस रूल्समधे तसा नियम घातलेला असू शकतो. व्हाउचरवर गेल्यानंतर कमाल १८० सलग दिवस, पण अथॉरिटी त्याहून कमी मुदतही ठरवू शकते. नोव्हेंबर ते मध्य एप्रिल म्हणजे साडेपाच महिने होतात. एरवी मॅनेजर काणाडोळा करत असेल, इतकी वर्षं केलाही असेल, पण आता त्याला घर खाली हवंय, आता तो दिवस मोजणार. आणि तुमच्या बाबतीत तर ३१ मार्च ही कॉन्ट्रॅक्ट संपायची तारीख नेमकी त्यांच्या गैरहजेरीत पडतेय. व्हाउचर त्या दिवशी तिथे राहणाऱ्यांना आहे. फिरायला गेलेला माणूस राहायचं सोडून गेला असं होत नाही, हे मी कोर्टात मांडू शकते, पण मांडायची वेळच का आणायची?

त्याहून वाईट म्हणजे जानेवारी ते मार्च या काळातच हाउसिंग अथॉरिटीची पत्रं यायला लागतील. माहितीच्या मीटिंगची तारीख, उत्पन्नाचे कागद, घराची तपासणी. टपालपेटीत पडून राहिली आणि दोनदा मीटिंग चुकली की फाइल बंद. मी हे होताना बघितलंय, हक्क शंभर टक्के असलेलं कुटुंब, आणि पत्रं शेजारच्या मावशींनी "येतील तेव्हा देऊ" म्हणून प्रेमाने पिशवीत जपून ठेवलेली.

म्हणून माझं म्हणणं, लग्न आहे म्हणालात तर जाऊ द्या त्यांना, पण तिकिटं बदला. नोव्हेंबरच्या अखेरीला जाऊन जानेवारीच्या मध्याला परत, साठ दिवसांच्या आत. बदलाचे पैसे पडतील ते पडू देत. जाताना मॅनेजरला लेखी कळवा की या तारखेला जातोय, या तारखेला येतोय, घर आमचं आहे, सामान आत आहे. भाडं बँकेतून आपोआप जाईल असं करा. टपाल तुम्ही दर आठवड्याला उचला. अथॉरिटीशी तुम्ही बोलावं असं आई-बाबांना वाटत असेल तर तसं लिहून त्यांच्या सहीचं पत्र तयार ठेवा. आणि कृपा करून, त्या दोन महिन्यांत ओळखीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला "घर रिकामंच आहे, राहा" असं म्हणू नका, पैसे न घेता सुद्धा नाही. लीजवर नसलेला माणूस घरात सापडणं हे काढण्यासाठी मालकाला मिळणारं सगळ्यात सोपं कारण आहे.

तसंच पुण्यातला फ्लॅट आणि एफडी. तुम्ही लिहिलं नाहीये पण मी प्रत्येक मराठी कुटुंबाला विचारते म्हणून तुम्हालाही विचारते. बाबांच्या नावावर तिकडे घर, ठेवी, गावाकडची जमीन काही असेल तर ती मालमत्ता आहे आणि दर वर्षीच्या फॉर्ममधे दाखवायची असते, भारतात असली म्हणून सुटत नाही. मालमत्ता असली म्हणजे मदत बंद असं सरसकट नाही, पण २०१६ च्या एका कायद्याने साधारण एक लाख डॉलरची मर्यादा, जी महागाईप्रमाणे वाढते, आणि राहण्याजोगं स्वतःचं घर असण्याबद्दलचा नियम आणलाय, आणि तो कोणाला कसा लागू करायचा यात जुन्या भाडेकरूंसाठी काही मोकळीकही ठेवलेली आहे. इतकी वर्षं दाखवलं नसेल तर नवीन तपासणीच्या आधी वकिलाशी बोला, स्वतःच्या मनाने फॉर्म भरू नका. चांगल्यातली चांगली केस खोट्या सहीवर पडते आणि तिथे मग माझ्यासारखीला फारसं काही करता येत नाही.

भाड्याचा आणखी एक बारकावा, जो व्हाउचर मिळाल्यानंतर लोकांना धक्का देतो. एरवी सेक्शन ८ मधे तुमचा वाटा साधारण समायोजित उत्पन्नाच्या, म्हणजे ठरावीक वजावटी केल्यावर उरणाऱ्या उत्पन्नाच्या, ३० टक्के असतो, उत्पन्न घटलं की तोही घटतो. एनहान्स्ड व्हाउचरमधे एक किमान रक्कम पक्की होते, कॉन्ट्रॅक्ट संपलं त्या दिवशी तुम्ही जे भरत होतात त्यापेक्षा खाली सहसा जात नाही. उत्पन्न १५ टक्के किंवा त्याहून जास्त घटलं तरच ती किमान रक्कम नव्याने काढतात. दोघांपैकी एकाचा सोशल सिक्युरिटीचा चेक बंद झाला तर ही घट सहज होते, बोलायला जड जातं पण या वयात ते धरून चालावं लागतं, आणि अशा वेळी लगेच लेखी कळवायचं. म्हणूनच आत्ता, मार्चच्या आधी, आई-बाबांचा ४१० चा हिशोब बरोबर आहे का तेही बघून घ्या, औषधपाण्याचा खर्च धरलाय का, जुनंच उत्पन्न पकडून बसलेत का. चुकून जास्त भरत असतील तर तोच आकडा पुढे किमान म्हणून बसेल.

घर दोन बेडरूमचं असेल आणि अथॉरिटीच्या हिशोबाने दोघांना एकच लागत असेल तर त्याच बिल्डिंगमधे एक बेडरूमचं रिकामं असल्यास तिकडे जायला सांगतात. त्यात घाबरण्यासारखं नाही. पण स्वतःहून दुसऱ्या गावात घर घेतलंत तर व्हाउचर नेहमीचं होतं, ती वरची सवलत जाते, हे लक्षात ठेवून मगच मुलाच्या जवळ राहायला जायचा विचार करा.

ग्रीन कार्डाची काळजी तुमच्या प्रश्नात ओळींच्या मधे दिसतेय म्हणून तेही. कायमस्वरूपी रहिवासी या मदतीला पात्र असतात, बासष्टच्या पुढच्यांना कागदही कमी लागतात. मालकाशी भांडलो, वकील घेतला, बिल्डिंगमधे मीटिंग घेतली म्हणून ग्रीन कार्डाला काही होत नाही.

मीटिंगवरून आठवलं. हे पत्र एकट्या आई-बाबांना आलेलं नाही, सगळ्या बिल्डिंगला आलंय. या प्रकारच्या बिल्डिंगमधे भाडेकरूंनी संघटना करणं, पत्रकं वाटणं, कॉमन रूममधे मीटिंग घेणं हा फेडरल नियमांनी दिलेला हक्क आहे आणि मॅनेजमेंट अडवू शकत नाही. गुजराती, तेलुगू, चिनी, स्पॅनिश बोलणारे शेजारी असतील, प्रत्येक गटातला एक इंग्रजी येणारा मुलगा किंवा मुलगी धरली तरी काम होतं. मी बघितलंय की जिथे सगळे मिळून "आम्ही राहतोय" असं लिहून देतात तिथे मॅनेजरची पाच हजारांची कुजबुज आठवड्याभरात थांबते, आणि कधी कधी मालक हडशी परत बोलून कॉन्ट्रॅक्टच रिन्यू करतो, कारण सगळी घरं भरलेली राहणार असतील तर त्याचंही गणित बदलतं.

या आठवड्यात करायचं एवढंच. मॅनेजरला दोन ओळींचं ईमेल: आम्ही घर सोडणार नाही, कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर एनहान्स्ड व्हाउचरवर इथेच राहू, आणि एक वर्षाच्या नोटिशीची कॉपी द्या. त्याने दिलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा, सही नको. भाडं वेळेवर, चेकने किंवा ऑनलाइन, रोख कधीच नाही. वार्षिक रिसर्टिफिकेशनचं, म्हणजे दर वर्षीच्या उत्पन्न तपासणीचं, पत्र आलं तर त्याच आठवड्यात कागद द्या. आणि सेंट्रल जर्सी लीगल सर्व्हिसेस किंवा लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी यांच्याकडे फोन करून नाव नोंदवा, कमी उत्पन्नवाल्यांना तिथे फुकट वकील मिळू शकतो. कोर्टाचा समन्स कधी आलाच तर हजर राहायचंच, न जाणं म्हणजे हरणं, आणि न्यू जर्सीच्या कोर्टात दुभाषी फुकट मिळतो, मराठीचा मागा. बाबांना हिंदी कळतं म्हणून हिंदीवर भागवू नका, घराच्या केसमधे माणसाला स्वतःच्या भाषेतच उत्तरं देता आली पाहिजेत.

शेवटची एक गोष्ट. लीज काढून बघा, त्यावर आणि ५००५९ वर आईचं नाव आहे ना? काही ठिकाणी फक्त नवऱ्याची सही असते आणि पुढे तो गेला की बायकोला "तुम्ही कोण" म्हणून विचारतात. नाव नसेल तर ते आत्ताच, कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधी घालून घ्या. आणि पत्राच्या दुसऱ्या पानावर नेमकं काय लिहिलंय ते, नावं झाकून, इथे टाका, म्हणजे तारखेचं नक्की काय ते सांगते.